चौथी शिफ्ट

चाकण पट्ट्यात तीन शिफ्ट चालतात, असं कंपन्यांच्या गेटवरचे फलक सांगतात. चौथी शिफ्ट फलकावर नसते. ती महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी इथल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत चालते. तिला पंचिंग नाही, कॅन्टीन नाही, ओटी तर नाहीच नाही. तरी हजेरी शंभर टक्के असते. तब्येतीचं कारण सांगून कंपनीत दांडी मारलेला माणूसही या शिफ्टला वेळेवर हजर होतो. बहुधा तब्येत त्याचसाठी बिघडलेली असते.

ही शिफ्ट म्हणजे बीजीएमआय. पूर्ण नाव बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, पण पोरांच्या तोंडी अजून पबजीच. ज्यांच्या घरात हा प्रकार अद्याप शिरलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात. अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ काही नसतं. दिसेल त्या घरात घुसून बंदूक, हेल्मेट, औषधं गोळा करायची. बेटावरचं सुरक्षित वर्तुळ दर काही मिनिटांनी आकसत जातं. बाहेर राहील तो मरतो, आत येतील ते एकमेकांना मारतात. शेवटी जी टोळी उरते तिला कोंबडीचं जेवण मिळाल्याची इंग्रजी पाटी दिसते. कोंबडी मिळत नाही.

चाकणमध्ये हा खेळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट आणि एक सॅक घेऊन तळेगाव चौकात उतरलेला प्रत्येक पोरगा तो पहिल्या दिवसापासून खेळतच असतो. शंभर जण उतरतात, जागा दहा असतात, सेफ्टी शूज ज्याचे त्यानं मिळवायचे असतात, आणि कॉन्ट्रॅक्टचं वर्तुळ दर सहा-सात महिन्यांनी आकसतं. मोबाइलवर फरक एवढाच की तिथं वर्तुळ आकसण्याआधी सूचना देतात.

मी एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागात आहे. ‘प्रभावी नेतृत्व’ आणि ‘संघभावना’ हे माझे हुकमी विषय. संघभावना शिकवायची आमची पद्धत ठरलेली आहे. आधी पडद्यावर उडत्या परदेशी बदकांचा फोटो दाखवायचा, मग ती बदकं पाळीपाळीनं पुढं कशी येतात ते सांगायचं, मग चहा-बिस्किट. वर्षातून एकदा मुळशीकडच्या एखाद्या रिसॉर्टवर नेऊन रस्सीखेच घ्यायची. प्लांट हेड ज्या बाजूला असतील ती बाजू जिंकते. ही संघभावना मात्र कुणाला शिकवावी लागत नाही.

आमच्या घरमालकानं गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढल्या आहेत. त्यातल्या नेमक्या माझ्या डोक्यावरच्या खोलीत चौघं राहतात. स्लॅब पातळ असल्यामुळे त्यांचं प्रत्येक युद्ध मला ऐकू येतं, आणि आता तर मी ते कान देऊन ऐकतो. कारण जे मला वीस-पंचवीस स्लाइडमध्ये जमत नाही, ते वर चटईवर रोज रात्री चाललेलं असतं.

या खोल्यांमध्ये माणसाला नाव नसतं, गाव असतं. वरचे चौघे म्हणजे लातूर, बीड, चाळीसगाव आणि सिवान. चाळीसगाव हा जिल्हा नाही, तालुका आहे; पण त्याला ‘जळगाव’ म्हटलेलं खपत नाही. सिवान बिहारचा. चौघंही कंत्राटी, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. त्यामुळे एकाची गादी थंड व्हायच्या आत दुसरा तिच्यावर आडवा होतो. चौघं एकत्र भेटतात ते फक्त मोबाइलवरच्या बेटावर.

अशा टोळीचा लीडर ठरतो कसा? आमच्याकडे तो सीनिऑरिटीवर ठरतो, नाहीतर साहेबांच्या गावचा असल्यामुळे. वरती पहिला लीडर सिवान होता, कारण हॉटस्पॉट त्याचा. तो ‘चलो’ म्हणाला की सगळे चालायचे. महिनाअखेरीला डेटा संपला आणि राज्य खालसा झालं. मग बीड आला, कारण आवाज त्याचा. तो प्रेस शॉपला आहे. तिथं पाणी मागायचं तरी ओरडावं लागतं. त्याच्या नेतृत्वाखाली चौघंही पहिल्या पाच मिनिटांत मरायचे, पण दणदणीत मरायचे. शेवटी पद लातूरकडे गेलं. लातूरचा नेम चौघांत सगळ्यांत वाईट. फोन इतका जुना की बंदुकीचा आवाज आधी येतो आणि बंदूक मागून दिसते. पण मेल्यावर तो फोन खाली ठेवत नाही. उरलेल्या तिघांचा खेळ शेवटपर्यंत बघतो आणि म्हणतो, “आता सांगा बरं, काय झालं?” एवढ्या एका वाक्यावर तो लीडर झाला. आमच्या प्लांटमध्ये हे वाक्य कुणी उच्चारलं तर समोरचा आधी युनियनच्या माणसाला बोलावतो.

लातूरनं पहिली सुधारणा केली बोलण्यात. आधी मला वरून ऐकू यायचं ते असं: “तिकडून मारतोय! अरे तिकडून! तिकडं बघ ना!” पाठोपाठ चार माणसं चार दिशांना बघत मरायची. आमच्या लाइनवरचं संभाषण काही वेगळं नसतं. ऑपरेटर म्हणतो, “मशीन आवाज करतंय.” मेंटेनन्सवाला विचारतो, “कसला?” उत्तर येतं, “वेगळा.” लातूरनं नियम केला: आधी दिशा, मग आडोसा, मग किती जण. स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर होकायंत्राचे अंश दिसतात, तेच बोलायचे. ‘तिकडं’ हा शब्द खोलीत बंद. ‘मेलो’ म्हणायला परवानगी आहे, पण कुठून मेलो हे सांगून झाल्यावर.

यात एक राष्ट्रीय अडचण निघाली. बीड ‘पंच्याऐंशी’ म्हणाला तेव्हा सिवाननं गणित करायला घेतलं. गणित सुटेपर्यंत शत्रूनं सिवानला सोडवलं. चाळीसगावनं ‘पंचाण्णव’ सांगितलं, ते बीडलाच ‘पंच्याऐंशी’ ऐकू आलं. त्या रात्री ठराव झाला की आकडे सुटे बोलायचे: एक, नऊ, पाच. आमच्या कंपनीत ड्रॉइंगवरचा आकडा फोनवरून सांगताना असाच घोटाळा होऊन भोकं भलतीकडे पडतात. त्यावर आम्ही समिती नेमली आहे.

मग भिंतीवर स्किल मॅट्रिक्स आलं. हे आमचं खास अस्त्र. कामगारांची नावं उभी, कामं आडवी, आणि प्रत्येक चौकटीत चार पाकळ्यांचं वर्तुळ. काहीच येत नसेल तर रिकामं, दुसऱ्याला शिकवता येत असेल तर पूर्ण भरलेलं. ऑडिटच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्यांची वर्तुळं भरून टाकतो. वर खोलीत मात्र मेसच्या खाड्याच्या कागदाशेजारी लातूरनं जे लावलं होतं, ते वाचून मी दारातच थबकलो. बीड: जवळची मारामारी, पूर्ण वर्तुळ, गाडी चालवणं, रिकामं. दिवसभर दुचाकीचे भाग ठोकणारा हा माणूस गेममध्ये सरळ रस्त्यावर जीप उलटी करतो. चाळीसगाव: लांबचा नेम, पूर्ण, वाटून घेणं, रिकामं. सिवान: स्मोक म्हणजे धुराचे बॉम्ब टाकणं, औषधोपचार, गाडी चालवणं, पूर्ण, घाई न करणं, पाव. आणि स्वतः लातूर: नेम, रिकामं. आपल्याच नावासमोर रिकामं वर्तुळ काढणारा लीडर मी नोकरीत अजून पाहिलेला नाही.

पुढं लातूरनं आणखी एक गोष्ट केली, जी आमच्या मॅट्रिक्समध्ये कुणी करत नाही: पूर्ण वर्तुळवाल्याला रिकाम्या वर्तुळवाल्याशेजारी बसवलं. बीडला रोज पंधरा मिनिटं सिवानसोबत नुसती जीप चालवायची. बंदूक नाही, शत्रू नाही, फक्त रस्ता. पहिल्या आठवड्यात बीडनं सिवानला तीनदा नदीत नेलं. सिवाननं शांतपणे “भैया, पुल बायें हाथ को था” असं सांगितलं. आमच्याकडे नवा माणूस लाइनवर उभा करताना जुन्याला सांगतात, “याला बघून घे.” जुना त्याला बघतो. फक्त बघतो.

रोज मॅचआधी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाला लागण्याआधीची छोटी बैठक. उतरायचं कुठं? बेटाचं नाव एरंगेल, आणि त्याच्या मध्यावर पोचिंकी नावाचं गाव आहे. तिथं घरं खूप, माल खूप, म्हणून प्रत्येक हौशी टोळी तिथंच उडी मारते. संध्याकाळी सहाला तळेगाव चौकात जे दिसतं तेच दृश्य, फक्त तिथं हॉर्नऐवजी गोळ्या. लातूरचं धोरण साधं: कडेला उतरा, मिळेल त्यात भागवा, पण चौघं शंभर पावलांच्या आत राहा. बीडला हे भ्याडपणाचं वाटायचं. “मायला, लढायला आलो का गवत बघायला?” लातूर म्हणायचा, “आधी जगूलालोय का ते बघ, मग लढ.”

त्यानंतर बॅगेचं ऑडिट. फाइव्ह एस ही जपानी शिस्त या पट्ट्यात नाक्यानाक्यावरच्या वर्कशॉपलाही पाठ आहे: नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा, नियम करा, टिकवा. आमच्याकडे गिऱ्हाईक येणार असलं की नको असलेलं सगळं सामान एका खोलीत भरून तिला कुलूप लावतात. त्या खोलीची किल्ली हे प्लांटमधलं सर्वांत मोठं गुपित आहे. गेममध्ये कुलपाची खोली नसते. बॅग भरली की गोळ्या मावत नाहीत, आणि गोळ्या नसल्या की पुढचं सांगायला नको. चाळीसगावच्या बॅगेत एकदा लांब पल्ल्याच्या दुर्बिणी तीन आणि त्या लावायची बंदूक एकही नाही, असं निघालं. “ठेवून राहिलो ना भो, लागतील कधी.” हे वाक्य मी आमच्या स्टोअरच्या इन्चार्जकडून गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे.

पण खरी गंमत मॅच हरल्यावर. आमच्याकडे चूक झाली की ‘व्हाय-व्हाय’ करतात; पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मुळापर्यंत जायचं. पार्ट रिजेक्ट का झाला? भोक सरकलं. का सरकलं? जिगमध्ये पार्ट नीट बसला नाही. का बसला नाही? ऑपरेटरनं बसवला नाही. इथं गाडी थांबते. उपाय: ऑपरेटरला समज दिली, खाली ऑपरेटरची सही. जिगचा क्लॅम्प झिजलाय आणि नव्याची मागणी परचेसमध्ये पडून आहे, हे चौथ्या ‘का’ला निघालं असतं. पण चौथा ‘का’ केबिनकडे जातो, म्हणून तिसऱ्यालाच थांबायची प्रथा आहे.

लातूर पाचपर्यंत जातो. बीड का मेला? उघड्यावर सापडला. उघड्यावर का होता? वर्तुळ आकसलं तेव्हा पळत होता. उशिरा का पळाला? दुर्बीण शोधत घरं धुंडाळत होता. दुर्बीण का नव्हती? होती, चाळीसगावच्या बॅगेत. मग दिली का नाही? इथं खोलीत जी शांतता पसरते ती मला खाली टीव्ही बंद करून ऐकावीशी वाटते. मूळ कारण: कंजुषी. उपाय: उतरल्यावर पाच मिनिटांनी प्रत्येकानं जादा माल मोठ्यानं सांगायचा. “मी तर माझा एक मारला होता” असं बीडनं एकदा सुरू केलं होतं. हे आमच्या लाइनवरच्या ‘माझ्या स्टेशनला ओके होतं’चं सख्खं भावंड. लातूर एवढंच म्हणाला, “पाटी चौघांची निघते.”

त्याचा सर्वांत मोठा शोध मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. अटीतटीच्या शेवटच्या वर्तुळात, दहा-बारा माणसं उरलेली असताना, हमखास आईचा फोन येतो. स्क्रीनभर तिचा फोटो, आणि त्यामागं कुठंतरी आपण मरत असतो. कट करावा तर ती घाबरते, उचलावा तर “जेवलास का?” पासून चुलतभावाच्या लग्नापर्यंत विषय जातो. यावर लातूरनं नियम लिहिला: मॅचआधी प्रत्येकानं घरी फोन करायचा. आता चौघांच्या आया खूश आहेत. पोरगा चाकणला गेल्यापासून सुधारला, असं त्यांचं मत आहे.

गुरुवार सगळ्यांत मोठा दिवस. एमआयडीसीला सुट्टी, म्हणून सराव सामन्यांचा बेत. आणि गुरुवार म्हणूनच दुरुस्तीसाठी वीज बंद. त्यामुळे बुधवारी रात्री चार फोन आणि दोन पॉवर बँका चार्जिंगला लावायच्या, ही जबाबदारी रात्रपाळी नसेल त्याची. हे वेळापत्रक आजवर चुकलेलं नाही. आमचं प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रकही कधी चुकत नाही, कारण ते महिन्याच्या शेवटी मागच्या तारखा टाकूनच भरलं जातं.

खुद्द या गेमचं आयुष्य बघितलं तर तो चाकणचाच रहिवासी वाटावा. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. म्हणजे कंत्राटी पोरांना मिळतो तसा ब्रेक मिळाला. २ जुलै २०२१ ला तोच गडी, तेच मशीन, फक्त नव्या नावाचं ओळखपत्र लावून बीजीएमआय म्हणून परत कामावर. रक्ताचा रंग लाल होता तो हिरवा केला, अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. २८ जुलै २०२२ ला पुन्हा ब्रेक. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर पुन्हा आत. कॉन्ट्रॅक्टर बदलून त्याच गेटनं त्याच लाइनवर येणाऱ्या पोरांना यात काहीच नवल वाटलं नाही. पुढं पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीनं २०२४ च्या ऑक्टोबरात ‘इंडस’ नावाचा याच जातीचा देशी गेम आणला. वरच्या खोलीत त्यावर चर्चा झाली. लोकल व्हेंडरला संधी द्यावी असं लातूरचं मत पडलं. ‘सॅम्पल बघू, मग ऑर्डर’ असं चाळीसगावचं.

युद्धाच्या खेळातून माणसं घडवणं ही काही पोरांची टूम नव्हे. प्रशियाच्या सैन्यातल्या रायझविट्झ नावाच्या लेफ्टनंटनं १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन असाच खेळ मांडला आणि तिथल्या अधिकाऱ्यांचं शिक्षण त्यावर होऊ लागलं. आणि खरंखुरं आकसतं वर्तुळ बघायचं तर चाकणकरांना दूर जायला नको. गावातच संग्रामदुर्ग आहे. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तीनशे-साडेतीनशे माणसांनिशी तो भुईकोट शायिस्तेखानाच्या वीसेक हजारांच्या फौजेपुढे ५६ दिवस लढवला. शेवटी खानानं सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा किल्ला पडला.

एका गुरुवारी, वीज नसल्यामुळे, लातूर तिघांना तिथं घेऊन गेला. शेजारधर्म म्हणून मीही गेलो. मी इतिहास सांगायला तोंड उघडणार, तोच पोरं कामाला लागली होती. चाळीसगाव उरलेल्या बुरुजावर चढून म्हणाला, “हाइट चांगली आहे, पण मागून उघडं आहे भो.” बीडनं खंदकाची जागा पावलांनी मोजली. सिवाननं विचारलं, “पावसात दारू भिजली असेल ना त्यांची?” तो अख्खा वेढा त्यांनी उभ्या उभ्या चौघांत वाटून घेतला. मग लातूरनं मला विचारलं, “सर, किल्ला गेल्यावर फिरंगोजींचं काय झालं?” मी सांगितलं की खानानं चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली, आणि पुढं शिवाजी महाराजांनी त्यांना भूपाळगडाची किल्लेदारी दिली असं सांगतात. लातूर क्षणभर थांबून म्हणाला, “म्हणजे शो-कॉज नाही?”

गेममध्ये माणूस गोळी लागली की एकदम मरत नाही. आधी ‘नॉक’ होतो, गुडघ्यांवर रांगतो. सोबत्यानं जवळ येऊन काही सेकंद बसून राहिलं तर तो पुन्हा उभा राहतो. मात्र तेवढा वेळ दोघंही उघडे पडतात. म्हणून पुष्कळ टोळ्या रांगणाऱ्याला सोडून पुढं जातात. काही तर तो मरायची वाट बघतात, त्याची बॅग मोकळी होते म्हणून. लातूरच्या टोळीत नियम आहे: आधी स्मोक, मग रिव्हाइव्ह, मग बाकी सगळं. बीडला तो एका मॅचमध्ये चारदा उचलतो आणि चारही वेळा त्याच चुकीबद्दल बोलतो. मी विचारलं, “एवढा धीर कुठून येतो रे?” म्हणाला, “काय करता सर, चौथा माणूस दुसरा मिळत नाही ना.”

नेतृत्वावरचं माझं सगळं वाचन या उत्तरापुढं फिकं पडलं. आमच्या गेटवर सकाळी सात वाजता चाळीस पोरं उभी असतात. लाइनवर कुणी चुकला तर त्याला शिकवण्यापेक्षा एक्केचाळिसावा बोलावणं स्वस्त पडतं. बदली माणूस दहा मिनिटांत मिळतो तिथं प्रशिक्षण हे भिंतीवरच्या कागदासाठी असतं. बेटावर कॉन्ट्रॅक्टर नाही. चौघं म्हणजे चौघंच. आता मेलेल्याला परत बोलवायची ‘रिकॉल’ची सोय काही नकाशांवर निघाली आहे, पण परत येतो तोही तोच बीड, तीच उलटलेली जीप घेऊन. म्हणून त्याला जीप शिकवावी लागते. चांगला लीडर जन्मावा लागतो की घडवावा लागतो, यावर आमच्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा होते. माझ्या मते त्याला फक्त बदली माणूस मिळू द्यायचा नाही. बाकी आपोआप होतं.

नुकतीच आमच्याकडे लाइन लीडरची एक जागा निघाली. मी लातूरला अर्ज करायला लावलं. मुलाखतीला तीन जण होतो. मी, प्रॉडक्शनचे साहेब आणि एचआरचे एक नवे अधिकारी. फॉर्मवर ‘संघ हाताळल्याचा अनुभव’ या रकान्यात त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: चार माणसं, दोन वर्षं, एरंगेल.

एचआरच्या साहेबांनी चष्मा वर केला. “हे एरंगेल कुठं आलं? चाकण फेज टू की थ्री?”

लातूरनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“फेज फाइव्ह, सर,” तो म्हणाला. “भूसंपादन बाकी आहे.”

साहेबांनी मान डोलावली आणि रकान्यापुढं बरोबरची खूण केली.